ब्रूपबमधली स्टाउट चाखायची कशी, जोखायची कशी

थालीपिठाची भाजणी घरी करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धणे दोन मिनिटं जास्त राहिले की जळतात आणि तेवढे मूठभर जळके धणे सगळा डबा कडू करून ठेवतात. स्टाउट बिअरचंही अगदी हेच आहे. ग्लासात काळीकुट्ट दिसणारी ही बिअर बहुतांशी साध्या, फिकट माल्टचीच (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचीच) असते. कडक भाजलेली बार्ली तिच्यात साधारण दहा टक्के. रंग, कॉफीसारखा वास, मागे रेंगाळणारा कडूपणा, हे सगळं त्या दहा टक्क्यांचं. ती बार्ली खमंग भाजलेली असेल आणि बेताने पडली असेल तर स्टाउट उत्तम. करपलेली असेल किंवा हात सैल सुटला असेल, तर पुढे काहीही केलं तरी ती टाकी सुधारत नाही.

स्टाउट जोखायला लागणारी जीभ आपल्याकडे आधीपासून आहे, असं मी मनापासून मानते. ‘मला बिअरमधलं काही कळत नाही’ म्हणणारा माणूस तळाला लागलेलं पिठलं पहिल्या घासात ओळखतो. त्याला फक्त चाखण्याचा क्रम माहीत नसतो. तो इथे सांगते.

२००९ मध्ये डूलॅलीने पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली. त्यानंतर शहरात अशा बऱ्याच जागा झाल्या आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी एखादा नळ काळ्या बिअरचा असतो. ब्रूपबचा मोठा फायदा म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच आपण बसलेले असतो. टाक्या काचेपलीकडे दिसतात, बनवणारा माणूस भेटू शकतो. बाटलीतल्या बिअरबद्दल जे प्रश्न हवेत राहतात, ते इथे विचारता येतात.

जाण्याआधी

दुपारी जेवणानंतर तास-दोन तासांनी जा. तोंडात पान, बडीशेप, मिंट काही नको. अत्तर लावू नका, लिपस्टिकही टाळा. लिपस्टिकच्या तेलकटपणाने फेस बसतो आणि मग दोष बिअरच्या नावावर पडतो. टेबलावर मसाला शेंगदाणे येतील, ते बाजूला सरकवा. मधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि साधा पाव पुरतो.

वही, पेन आणि स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर मी नेते. थर्मामीटर कशाला, ते पुढे येईल. जाताना-येताना रिक्षा किंवा कॅब. गाडी घेऊन जायचं असेल तर हा बेत त्या दिवशी नको.

आधी विचारा: ही कोणती स्टाउट?

बोर्डावर नुसतं ‘स्टाउट’ लिहिलेलं असतं आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. बासुंदी आणि खीर यांना एकच माप लावून कसं चालेल? आयरिश ड्राय स्टाउट कोरडी, हलकी, सुमारे ४ ते ५ टक्के अल्कोहोलची. मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर घालतात. बिअरचं यीस्ट ती साखर खाऊ शकत नाही, म्हणून गोडी शिल्लक राहते. (दूध ज्यांना सोसत नाही त्यांनी हे आवर्जून विचारावं.) ओटमील स्टाउटमध्ये ओट्समुळे पेजेसारखा मऊपणा येतो. फॉरेन एक्स्ट्रा साधारण ६ ते ८ टक्क्यांची, आणि इम्पीरियल स्टाउट ८ पासून थेट १२ टक्क्यांपर्यंत जाते. ती छोट्या ग्लासातूनच प्यायची. ड्राय स्टाउट ‘पातळ लागते’ म्हणून नापास करणं किंवा मिल्क स्टाउटला ‘गोड आहे’ म्हणून नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

काळी म्हणजे कडक, हा समज तर फारच खोल रुजलाय. आयर्लंडची प्रसिद्ध स्टाउट गिनेस ड्रॉट ४.२ टक्क्यांची आहे. दुकानातली सोनेरी स्ट्राँग बिअर याहून कितीतरी जड असते. रंग भाजण्यातून येतो, अल्कोहोल साखर किती आंबली त्यावर ठरतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

आणखी तीन प्रश्न विचारून घ्या. टाकीतून केगमध्ये, म्हणजे नळाला जोडायच्या पिंपात, कधी भरली? नायट्रोजनवर आहे की कार्बन डायऑक्साइडवर? कॉफी, कोको, व्हॅनिला असं वरून काही घातलंय का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर सावध व्हा. घातलेल्या कॉफीचा वास आणि बार्लीच्या भाजणीचा वास वेगळे ओळखायला सराव लागतो. शिकताना आधी साधी स्टाउट निवडा.

ग्लास आणि नजर

बर्फात गोठवलेला ग्लास आला तर परत पाठवा आणि साधा, खोलीच्या तापमानाचा मागा. आता ग्लास उजेडासमोर धरा. मधे काळी दिसली तरी कडेला, जिथे थर पातळ आहे तिथे, कोकमाच्या आगळासारखी लालसर झाक दिसते. मोबाइलचा टॉर्च मागे धरला की स्पष्ट कळतं. झाक स्वच्छ हवी. गढूळ, राखाडी दिसली तर यीस्ट नीट खाली बसलेलं नाही.

फेस फिकट बदामी ते दाट तपकिरी असतो आणि पिताना ग्लासाला आतून कडी सोडत जातो. फेस लगेच विरला तर बिअरला दोष देण्याआधी ग्लास बदलून बघा. भांड्याला तेल किंवा साबण राहिला असेल तर जगातली उत्तम स्टाउटही फेस धरत नाही. कार्बन डायऑक्साइडवरच्या बिअरमध्ये आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर ग्लास मळका आहे असं बेलाशक समजा.

वास: इथे घाई नको

पहिला वास फेस ताजा असतानाच घ्यायचा, तो लवकर उडून जातो. ग्लास नाकाशी नेऊन दोन-तीन छोटे हुंगे पुरतात. मग ग्लास बाजूला, थोडं थांबा, हातावर स्वतःच्याच कातडीचा वास घ्या म्हणजे नाक ताजं होतं. मग ग्लास हलकेच गोल फिरवा आणि एक लांब श्वास.

आता मनात येईल तो पहिला शब्द लिहा आणि तो आपल्या घरातला असू द्या. इंग्रजी पुस्तकांत डार्क चॉकलेट, प्रून, टोस्ट असे शब्द भेटतात. ज्याने प्रून कधी खाल्लाच नाही त्याच्या वहीत तो शब्द निरुपयोगी आहे. माझ्या वहीत फुटाणे, भाजलेली बाजरी, फिल्टर कॉफीचा चोथा, काकवी, भिजवलेल्या मनुका, खारीक, पोहे भाजल्याचा वास असे शब्द आहेत. वर्षभराने वही उघडली तरी मला तो ग्लास आठवतो.

एवढं झाल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: हा वास खमंग आहे की करपट? फुटाण्याच्या भट्टीजवळून जाताना जो वास येतो तो खमंग. तव्यावर विसरलेल्या पोळीचा, विझलेल्या चुलीच्या राखेचा, तो करपट. दोन्ही काळेच, पण पहिल्याने तोंडाला पाणी सुटतं आणि दुसऱ्याने घसा आवळतो.

पूर्वी लंडनच्या पोर्टरमध्ये, म्हणजे स्टाउटच्या पूर्वजात, सगळाच माल्ट तपकिरी भाजलेला असे. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफी भाजायच्या पिंपासारख्या फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं पेटंट घेतलं. तेव्हापासून थोडासा काळा माल्ट आणि बाकी फिकट, अशी आजची रीत शक्य झाली. त्या फिरत्या पिंपात दाणा सगळीकडून सारखा भाजला जातो. आपण भाजणी सतत परतत राहतो ती याचसाठी.

चव: तीन घोट

पहिला घोट जीभ तयार करायला. त्यावरून काही ठरवू नका.

दुसरा घोट मोठा घ्या, तोंडभर फिरवा आणि गिळा. वाइनवाले थुंकतात, पण बिअरचा कडूपणा घशाकडे जाताना पूर्ण उलगडतो, म्हणून इथे गिळावंच लागतं. तोंडात चव कोणत्या क्रमाने येते त्याकडे लक्ष द्या. सुरुवातीला थोडी गोडी, मग भाजलेपण, मग कडू. ड्राय स्टाउटमध्ये गोडी क्षणभरच येऊन जाते. मिल्क स्टाउटमध्ये ती शेवटपर्यंत सोबत राहते, पण कडूपणाने तिला सावरलेलं असायला हवं, नाहीतर दोन घोटांत ओठ चिकट होतात.

तिसऱ्या घोटानंतर घड्याळ बघा. घोट गिळल्यावर अर्ध्या मिनिटाने तोंडात काय उरलंय? चांगल्या स्टाउटमागे कॉफी प्यायल्यानंतरचा स्वच्छ कडूपणा उरतो आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. वाईट स्टाउटमागे राख उरते. आणखी एक गोष्ट उरू शकते, ती म्हणजे तुरटपणा: डाळिंबाची साल किंवा कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ ओढली जाते. कडू आणि तुरट यांत गल्लत करू नका. कडू ही चव आहे. तुरटपणाने मात्र जीभ खरखरीत होते. माल्ट धुताना पाणी फार गरम झालं किंवा फार वेळ धुत राहिलं की टरफलातून हा तुरटपणा उतरतो, चहा पाच मिनिटं जास्त उकळल्यावर उतरतो तसाच.

थोडा आंबटपणा ड्राय स्टाउटमध्ये असतो आणि असावा. कडक भाजलेली बार्ली मुळात आम्लधर्मी आहे. हा आंबटपणा कॉफीच्या पाठोपाठ येतो आणि कॉफीबरोबरच जातो. तो मागे एकटाच उरला, गालाच्या आत टोचत राहिला, तर तिथे काहीतरी बिघडलंय.

तोंडातलं वजन आणि नायट्रोजनची जादू

काही नळांवरची स्टाउट ओतली की ग्लासात ढग खाली उतरताना दिसतात. हे नायट्रोचं काम. १९५९ मध्ये गिनेसने मायकेल अ‍ॅश या गणितज्ञाच्या देखरेखीखाली ही पद्धत बाजारात आणली. साधारण तीन भाग नायट्रोजन, एक भाग कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून त्याचे बुडबुडे अगदी बारीक राहतात, फेस सायीसारखा घट्ट होतो आणि जिभेला चुरचुर लागत नाही.

पण जोखताना हे ध्यानात ठेवा: ती साय बरंच काही झाकते. वास दबतो, कडूपणाची धार बोथट होते, मध्यम बिअरही रुबाबदार वाटते. मी नायट्रोच्या ग्लासात चमच्याने फेस थोडा बाजूला करते आणि खालच्या बिअरचा वास वेगळा घेते. तीच बिअर दोन्ही प्रकारे मिळत असेल तर दोन्हींचे छोटे ग्लास शेजारी ठेवून चाखा. एका संध्याकाळीत खूप शिकाल.

थांबा, कोमट होऊ द्या

आता थर्मामीटर. आपल्याकडे बिअर गार म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार द्यायची सवय आहे. ३-४ अंशांना जीभ बधिर होते, चांगलं आणि वाईट दोन्ही झाकलं जातं. साधी स्टाउट ८ ते १२ अंशांना बोलायला लागते, इम्पीरियल त्याहूनही थोडी वर. अर्धा ग्लास उरला की तो दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा, मधे तापमान बघा आणि १२ अंशांजवळ पुन्हा वास, पुन्हा घोट. काकवी आणि मनुका बहुधा इथे पहिल्यांदा भेटतात. दोषही इथेच उघडे पडतात. ग्लासाचा शेवटचा तिसरा भाग चाखल्याशिवाय मी कुठल्याही स्टाउटला गुण देत नाही.

दोष आणि त्यांचे धनी

दोष सापडला की तो कोणाचा, हेही शोधायला हवं. त्याशिवाय तक्रार उपयोगाची होत नाही.

सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे डायअ‍ॅसिटिल. यीस्ट हे स्वतःच तयार करतं आणि आणखी काही दिवस टाकीत राहू दिलं तर स्वतःच परत शोषून घेतं. म्हणजे बहुधा बिअर घाईने काढली. हिरव्या सफरचंदासारखा किंवा कच्च्या भोपळ्यासारखा वासही कोवळ्या बिअरचाच. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागून शिळी झालेल्या बिअरचा. उकडलेल्या मक्याचा वास उकळण्यात किंवा नंतर गार करण्यात कसूर झाल्याचा. सोया सॉससारखी चव मेलेल्या यीस्टवर बिअर फार काळ राहिल्याची. जुन्या इम्पीरियलमध्ये तिची पुसट छटा मात्र चालते. जखमेवरच्या चिकटपट्टीचा, दवाखान्यासारखा वास आला तर क्लोरिनच्या पाण्याचा संशय घ्या. नळाचं पाणी वापरणाऱ्या ब्रुअरने क्लोरिन आधी काढायलाच हवा.

धातूची चव ओळखायला आपल्याकडे नेमका शब्द आहे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं. त्या कळकलेल्या ताकाची आठवण करून देणारी बिअर धातूची. खात्री करायची असेल तर एक थेंब हाताच्या पाठीवर चोळा आणि हुंगा, वास ठळक येतो.

आंबटपणाची गोष्ट जरा सविस्तर सांगते. एका रविवारी दुपारी, ब्रूपब नुकता उघडलेला, मी दिवसातला पहिला ग्लास मागवला. वास छान फुटाण्यांचा. घोट घेतला आणि जबड्याच्या कोपऱ्यात व्हिनेगर टोचलं. वेटर म्हणाला, “मॅडम, स्टाउट अशीच असते.” मी ब्रुअरला बोलवायची विनंती केली आणि म्हटलं, “दादा, हीच बिअर टाकीतून थोडी काढून द्याल का?” त्याने दोन छोटे ग्लास आणले, एक टाकीतला, एक नळाचा. टाकीतली स्वच्छ, गोडसर, कॉफीच्या अंगाची. नळाची आंबट. त्याने स्वतः दोन्ही चाखल्या, काही न बोलता नळावर कापड टाकलं आणि ती लाइन धुवायला घेतली. बिअर उत्तमच होती, नळी मळलेली होती. रात्रभर नळीत साचलेली बिअर पहिल्या ग्लासात येते, त्यामुळे हा दोष दिवसाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त जाणवतो. तेव्हापासून मला काही खटकलं की मी आधी टाकीतला नमुना मागते. टाकीतही तोच दोष असेल तर तो बनवण्यातला; नसेल तर नळीचा, केगचा किंवा ग्लासाचा.

गुण द्यायचे असतील तर

बिअर परीक्षकांसाठी अमेरिकेत १९८५ पासून बीजेसीपी ही संस्था काम करते. तिचा ५० गुणांचा तक्ता घरच्या वहीतही छान चालतो: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण ठसा १०. रूपाला फक्त तीन गुण, हे लक्षात घ्या. ३० ते ३७ म्हणजे खूप चांगली, ३८ च्या वर उत्कृष्ट, ४५ च्या वर क्वचितच काही जातं. प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहायचं. कारण सुचत नसेल तर पुन्हा एक घोट घ्या.

एका ग्लासावर मात्र कोणाचा निकाल लावू नका. थोड्या नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलता येतं, या प्रश्नाचं गणित बिअरच्याच कारखान्यात तयार झालं आहे. १८९९ मध्ये गिनेसमध्ये नोकरीला लागलेल्या विल्यम गॉसेटने ते केलं आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. संख्याशास्त्र शिकलेल्यांनी टी-टेस्ट केलेली असते, ती हीच.

आपली जीभ खरंच फरक ओळखते का, हे तपासायला तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दोन ग्लासांत एक स्टाउट, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी पन्नास मिली. दुसरं कोणी ओतत असताना तुम्ही पाठ फिरवून बसायचं. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही सरासरी तीनातून एकदा बरोबर येतं. पण लागोपाठ तीन वेळा बरोबर आलं तर ते नशिबाने येण्याची शक्यता सत्तावीसात एक. काळ्या बिअरवर ही परीक्षा विशेष चांगली होते, कारण नजरेची मदत जवळजवळ मिळतच नाही.

माझ्या वहीतलं एक पान

त्या रविवारच्या स्टाउटचं, टाकीतून काढलेल्या नमुन्याचं पान असं आहे. ड्राय स्टाउट, ४.५ टक्के, मापताना तापमान ११ अंश. वास ९: फुटाणे, फिल्टर कॉफी, कडेला काकवी, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) जवळजवळ नाहीत, चालेल. रूप ३. चव १३: मधे खमंग, शेवट किंचित राखेकडे, आंबटपणा बेताचा. पोत ४: हलकी पण पाणचट नाही. एकूण ६. बेरीज ३५.

खाली तीन आठवड्यांनंतरची नोंद आहे, पुढच्या टाकीची. मी राखेबद्दल सांगितलं होतं, तेव्हा ब्रुअर म्हणाला होता की पुढच्या खेपेला भाजलेली बार्ली सुरुवातीपासून न भिजवता शेवटी घालून बघतो, म्हणजे कडूपणा कमी उतरेल. चव १६, शेवट स्वच्छ. त्यापुढे कंसात लिहिलंय: पोह्याचा पापड भाजल्यासारखा वास, हा मागच्या वेळी नव्हता.